माणूस कामावर आहे

आत्या : मग मी त्याला खुर्ची दिली.

भाचा : गिऱ्हाइकाला खुर्ची? तू?

आत्या : म्हटलं माणूस हादरलेला असेल. पाणीसुद्धा दिलं, भांडं विसळून. मग हळूच विचारलं, आत कोण राहिलं तुमचं? तर म्हणाला, मीच. रोज सहा तास.

मुकादम : सहा कमीच. आमची पाळी दहाची असायची.

आत्या : मुकादम, तुम्ही छिन्नीला धार लावताय ना, तीच लावा.

भाचा : आत्या, मी ऑफिसातून अर्धा दिवस टाकून आलो ते हे ऐकायला? कुणीतरी गिऱ्हाईक विनोद करून गेलं म्हणून?

आत्या : तो विनोद करत नव्हता, हीच तर बोंब आहे. फोन माझ्यापुढे धरला. म्हणाला, एवढं चिन्ह वीतभर दगडावर कोरून द्या, टेबलावर ठेवायचंय. आणि आत दोन डोळे काढा. हसरे.

भाचा : डोळे त्याने स्वतः घातलेत. मूळ चिन्हाला डोळे नाहीत.

आत्या : बघा, मुकादम. मी अजून कुठलं चिन्ह ते बोललेसुद्धा नाही.

भाचा : गोल असेल. मध्ये उभी रेघ.

आत्या : गोल, मध्ये उभी रेघ. शाबास. मी त्याला विचारलं, हे कुठून उचललंस? म्हणाला, आमच्या साइटवर सगळ्यांनाच मिळतं. कुणी दिलं? म्हणाला, निवांत खेकड्याने. आता हा खेकडा कोण, तर त्याने फोटो दाखवला. खेकड्याच्या तोंडावर माझ्या भावाचं नाक होतं.

भाचा : ते टोपणनाव आहे. तिथे सगळ्यांचीच असतात.

आत्या : तुला नाव ठेवलं होतं चांगलं. तुझ्या बापाने तीन दिवस डोकं धरून शोधलं होतं.

भाचा : बरं, मीच दिलं ते चिन्ह. त्यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? उलट मला वाटलं होतं, तुला कळल्यावर बरं वाटेल. आपल्या खाणीची खूण आज नऊ हजार लोकांच्या नावापुढे आहे.

आत्या : किती?

भाचा : नऊ हजार. वर थोडे असतील.

आत्या : मुकादम, आपल्या डोंगरावर किती आहेत हो?

मुकादम : एकोणीस.

आत्या : एकोणीस. साठ वर्षांत. आणि या खेकड्याने बसल्या जागी नऊ हजार गाडले.

भाचा : गाडले म्हणजे?

मुकादम : पोराला माहीत नाही.

आत्या : माहीत नाही कसं? दरवर्षी माझ्याबरोबर चुन्याची बादली घेऊन डोंगर कोण चढायचं?

भाचा : मीच चढायचो. खूण पुसट व्हायची म्हणून आपण ती परत रंगवायचो. दुकानाची पाटी रंगवतात तशी. काय माहीत नाही मला?

मुकादम : बोगदा बसला, माणूस आत राहिला, काढता आला नाही, की बोगद्याच्या तोंडावर ती काढतात. मग तिथे कुणी घण मारत नाही. शीळसुद्धा घालत नाही.

भाचा : नाही.

मुकादम : नाही म्हणजे?

भाचा : नाही, तसं नाहीये ते. त्या खुणेचा अर्थ 'माणूस कामावर आहे' असा आहे.

मुकादम : असं तुला कोण...

आत्या : ते राहू द्या. आधी मला सांग, ते तिथून निघणार कधी?

भाचा : थांब, आत्या. मला जरा विचार करू दे.

आत्या : विचार नंतर कर. आत्ताच्या आत्ता काढ. तो डबा उघड आणि काढ.

भाचा : डबा नाही, लॅपटॉप आहे, आणि त्यावर तुझ्या दगडांची धूळ बसतेय. आणि असं एकट्याने काढता येत नाही. ती कुणा एकाची साइट नाही. आपली खाण बंद पडली तेव्हा कचेरीतल्या हजेरीच्या वह्या भंगारात निघाल्या होत्या, आठवतं? तशा सगळीकडच्या खाणींच्या, गिरण्यांच्या, गोद्यांच्या वह्या लोकांनी वाचवल्यात. त्यांचे फोटो साइटवर असतात. नऊ हजार माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते अक्षर लावतात आणि टाइप करतात. कुणाला आपला आजा-पणजा शोधायचा असला की नाव टाकायचं. सापडतो. फुकट. त्या माणसांना न विचारता काही हलवलं तर ती बिथरतात. मागे एकाने न विचारता एक स्वल्पविराम काढला, तर चाळीस जण सोडून गेले.

आत्या : स्वल्पविरामाचे नातेवाईक असतील.

भाचा : पद्धत असते गं. 'संवेदनशील चिन्हे' असं धोरणच आहे, चौदा पानी. आधी तक्रार, मग समिती ती वाचणार, मग सात दिवस चर्चा, मग मतदान.

आत्या : मतदान कशावर?

भाचा : चिन्हाने कुणाला खरोखर त्रास होतो का, यावर.

आत्या : मला होतोय.

भाचा : हो, पण तुला मत नाही. मत द्यायला आधी पन्नास पानं टाइप केलेली लागतात.

आत्या : हे कुठल्या शहाण्याने लिहिलं?

भाचा : धोरण मीच लिहिलंय.

मुकादम : चौदाच्या चौदा पानं?

भाचा : तेरा. एका पानावर नुसते आभार आहेत.

आत्या : मग माझ्या वतीने तिथे बोलायचं कुणी?

भाचा : त्या त्या समाजाचा प्रतिनिधी असतो. खाणकामगारांच्या घरच्यांचाही आहे.

मुकादम : असा माणूस आहे? मला भेटायचंय त्याला.

भाचा : मी आहे.

आत्या : तुला कुणी निवडलं?

भाचा : अर्ज मागवले होते. एकच आला. बिनविरोध.

आत्या : आणि प्रतिनिधीसाहेबांनी काय केलं?

भाचा : हे चिन्ह वापरायला समाजाची हरकत नाही, असं लिहून दिलं.

आत्या : समाजाला विचारून?

भाचा : समाज त्या दिवशी मीच होतो.

मुकादम : नाही, पोरगा कामसू आहे.

आत्या : मुकादम, माझ्या हातात हातोडा आहे. बरं, ते नावापुढे लागतं म्हणजे कायमचं लागतं?

भाचा : छे. कामाला बसलं की लावायचं, उठलं की काढायचं. म्हणजे बाकीच्यांना कळतं, कोण बसलंय, कुणाला विचारावं. जेवायला उठलं की आपोआप विझतं. परत आलं की पेटतं. आणि जराशी उडी मारतं, लक्ष जावं म्हणून.

आत्या : उडी मारतं.

भाचा : छोटीशी.

आत्या : चोवीस वर्षं. माझा एक गुडघा कामातून गेला, दुसरा त्याच्या वाटेवर आहे. तरी फुफ्फुस हातात घेऊन चढते मी तो डोंगर. का, तर ती खूण एक दिवससुद्धा पुसलेली दिसू नये. आणि तुझ्याकडे ती लोक जेवायला गेले की विझते. जेवून आले की उड्या मारते.

भाचा : उडी बंद करता येते. सेटिंगमध्ये.

आत्या : तुला बंद करता येतं का बघ कुठे.

भाचा : हे बघ, मला तुझ्या भावना कळतात.

आत्या : हे वाक्य त्या चौदा पानांतलं आहे का?

भाचा : पान तीन.

आत्या : ते गिऱ्हाईक नमुना म्हणून कपसुद्धा ठेवून गेलंय. त्याच्यावर तेच. मी कपाटात उपडा घातलाय. त्यातून कुणी काही प्यायचं नाही.

मुकादम : सकाळी मी चहा घेतला त्यातून. मला चष्मा नव्हता. मावतो चांगला.

आत्या : आण तो फोन इकडे. मोठं कर. अजून. नाकाशी धरू नकोस, मला दिसतं. हे... हे खाली काय केलंय?

भाचा : खाली काय?

आत्या : खाली बंद आहे.

मुकादम : बंद? बघू.

(मुकादम छिन्नी ठेवतात, हात सदऱ्याला पुसतात आणि पहिल्यांदाच स्टुलावरून उठून येतात.)

मुकादम : चार बोटं उघडं असतं खाली. गोल कधी पुरा करत नाहीत.

आत्या : माणसाला बाहेर यायला वाट असते ती. कुणी बुजवली?

भाचा : डिझाइन बघणारी वेगळी मंडळी असतात.

आत्या : कुणी बुजवली, विचारतेय मी.

भाचा : चित्र बारीक केलं की ती फट चुकून राहिल्यासारखी दिसायची. सॉफ्टवेअर लाल अक्षरांत दाखवतं, 'आकार उघडा राहिला आहे. बंद करायचा?'

आत्या : मग?

भाचा : खाली 'हो' असं बटण होतं.

आत्या : त्या बटणावर बोट कुणाचं होतं?

भाचा : माझं.

मुकादम : तुझ्या बापाच्या वेळेला मी हातांनी उकरलं. दोन तास. फट पडली होती, एवढीच, हात जाईल एवढी. हवा लागत होती हाताला. मोठी करायला गेलो तर वरून अजून यायला लागलं. मग मला पाय धरून ओढून काढलं सगळ्यांनी. माझ्यामागे बाहेर आलं कुणीच नाही. सगळ्यात शेवटी निघालेल्याने खूण काढायची असते, म्हणून ती मी काढली. फट सोडून.

भाचा : मला माहीत नव्हतं, काका.

आत्या : माहीत नव्हतं. एवढा शिकलास, धोरणं लिहितोस, परक्यांच्या आज्यापणज्यांची हजेरी घेतोस. एक फोन करून विचारायला तुझी जीभ झडली होती? आत्या, ही खूण कशाची? एवढंच.

भाचा : विचारलं होतं.

आत्या : कधी?

भाचा : सहा वर्षांचा असताना. तुलाच. बादली माझ्या हातात होती. मी म्हटलं, बाबा कुठेत? तू म्हणालीस, कामावर. मी म्हटलं, मग ही खूण कसली? तू म्हणालीस, माणूस कामावर आहे अशी. कुंचला चुन्यात बुडवत म्हणालीस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

आत्या : तू सहा वर्षांचा होतास.

भाचा : सातव्या वर्षी सांगायचंस. दहाव्या सांगायचंस. विसाव्या वर्षी मला चष्मा लागला, तेव्हा सांगायचंस. मी एकोणतीस वर्षांचा घोडा झालोय, आत्या. तुला एक दिवस मिळाला नाही?

आत्या : बाप गेला हे कळलंच की तुला पुढे.

भाचा : तिसरीत कळलं. मधल्या सुट्टीत एका पोराने सांगितलं. खुणेचं त्याला माहीत नव्हतं, नाहीतर तेही सांगितलं असतं. चांगला होता पोरगा.

आत्या : आवाज खाली कर.

भाचा : का? इथे शीळ घालायलासुद्धा बंदी आहे का? मी त्या खुणेला टाटा करायचो, आत्या. उतरताना, प्रत्येक वर्षी. वळून वळून. तू बघायचीस.

आत्या : बघायचे.

भाचा : आणि गप्प राहायचीस.

आत्या : हात हलवणाऱ्या पोराला काय सांगायचं असतं? तुझ्या चौदा पानांत आहे का ते? असलं तर दाखव. मी वाचते. मी घोकून पाठ करते.

भाचा : नाहीये.

आत्या : मग मला शिकवू नकोस. एकदा खोटं बोलले. मग त्या खोट्याला वर्ष झालं. मग दोन झाली. मग ते मोडायचं म्हणजे तुझा बाप दुसऱ्यांदा आत घालायचा. मला नाही जमलं. दगड फोडता येतो मला, बाकी काही येत नाही.

मुकादम : दोघंही खाली बसा. धूळ उडतेय.

भाचा : काका, एक सांगा. ही खूण हजेरीच्या वहीतसुद्धा असायची ना? नावापुढे, समासात?

मुकादम : असायची. आम्हीच काढायचो, मुकादम लोक. आजूबाजूच्या सगळ्या खाणींत तीच रीत.

भाचा : सरळ 'मृत' का नाही लिहायचं?

मुकादम : मृत लिहायला प्रेत दाखवावं लागायचं. गैरहजर लिहिलं तर तिसऱ्या दिवशी नाव कापायचे आणि घरच्यांना खोली सोडायला लावायचे. आणि गैरहजर लिहू तरी कसं? तो बाहेर पडलाच नव्हता. म्हणून खूण. रोज एक, वही संपेपर्यंत. तुझ्या बापापुढे एकशे बारा दिवस काढली मी. नव्या वहीत साहेबाने नाव घेऊ दिलं नाही.

भाचा : एकशे बारा. बरोबर.

आत्या : तुला काय माहीत बरोबर?

भाचा : मी मोजलेत. ते पान मीच टाइप केलंय. आत्या, ऐक आता, आणि हातोडा खाली ठेव. साइटवर सगळे विचारत होते, समासातली ही खूण काय आहे. कुणालाच येईना. दोन प्राध्यापक आहेत आमच्यात, त्यांनाही येईना. मला येत होतं. जन्मात पहिल्यांदा असा प्रश्न आला होता की ज्याचं उत्तर फक्त मलाच माहीत. मी लिहिलं, या खुणेचा अर्थ 'हजर'. तीनशे जणांनी लाइक केलं. तिथूनच पुढे कुणाला तरी सुचलं की मग हाच बिल्ला करू या.

आत्या : हजर?

भाचा : जिथे जिथे ती खूण आहे तिथे तिथे आम्ही 'हजर' टाइप केलंय. सहा हजार दोनशे ओळी. साठेक माणसं असतील.

मुकादम : म्हणजे मेल्यावरही पाळी लावलीत त्यांना.

आत्या : आणि तुझ्या बापाच्या पानावर?

भाचा : एकशे बारा वेळा हजर. घरात कुणी तारीख कधी बोललंच नाही ना. मी ते पान बघितलं आणि मला वाटलं, म्हणजे बाबा एवढे दिवस होते. माझ्या सहाव्या वाढदिवसाला ते होते. कामावर होते, पण होते. ते पान छापून मी खोलीत भिंतीला लावलंय.

आत्या : तुझ्या वाढदिवसाला तो नव्हता रे.

भाचा : आता कळलं.

मुकादम : चहा टाकू का?

आत्या : टाका. त्या कपात नको.

भाचा : थांब, अजून संपलं नाही. मागच्या महिन्यात साइटवर एका बाईचं पत्र आलं होतं. तिचे आजोबा पलीकडच्या डोंगरात होते. आजीला सगळ्यांनी सांगितलं होतं, नवरा बोगद्यात राहिला. आणि आमच्या यादीत तो त्यानंतर ऐंशी दिवस हजर आहे. बाईने विचारलं होतं, म्हणजे आजोबा जिवंत होते का? होते तर घरी का आले नाहीत?

आत्या : तू काय कळवलंस?

भाचा : असल्या पत्रांना एक ठरलेलं उत्तर आहे. 'आमची प्रत्येक नोंद मूळ वहीशी दोनदा ताडून पाहिलेली असते. आपल्या शोधासाठी शुभेच्छा.'

आत्या : शुभेच्छा.

भाचा : खाली निवांत खेकडा. आणि पुढे ती खूण. मी कामावर होतो.

आत्या : आजी आहे अजून?

भाचा : आहे. नव्वदीची. बाईने शेवटी लिहिलं होतं, आजी आता आजोबांचं नाव घरात काढू देत नाही. फोटो पालथा करून ठेवलाय.

आत्या : साठ वर्षं त्या बाईने नवऱ्यासाठी डोळ्यांतून पाणी काढलं असेल. आणि नव्वदीला येऊन तिला कळलं की तो पळून गेला होता. का, तर मी कुंचला बुडवताना तुझ्याकडे बघितलं नाही.

भाचा : आणि मी 'हो' दाबलं.

आत्या : वाटणी नंतर करू. तू यावर सात दिवस चर्चा करणार आहेस?

भाचा : नाही.

आत्या : मतदान?

भाचा : नाही. समितीतल्या आम्हा तिघांकडे एक किल्ली असते. आगबिग लागली तर वापरायची. वापरली की कारण लिहावं लागतं, आणि मग बहुतेक समितीतून हाकलतात.

आत्या : हाकलू देत. इथे घण पडलेत रिकामे.

भाचा : झालं. बिल्ला काढला. नऊ हजार एकदम विझले.

मुकादम : आवाज नाही आला काही.

भाचा : येईल. हे बघा, आलाच. झोपाळू कासव विचारतोय, साइट बंद पडली का. कुणीतरी म्हणतंय, हा चुकीचा विभाग आहे, दुसऱ्या विभागात लिहा. लिंबू सत्त्याहत्तर म्हणतेय, नावापुढे काही नाही तर फार एकटं एकटं वाटतंय.

आत्या : तिला म्हणावं, होते सवय.

भाचा : आता कारण लिहायचंय. खुणेचा अर्थ, एका वाक्यात.

आत्या : लिही, हा माणूस बाहेर आलेला नाही.

भाचा : एवढंच?

आत्या : आणि त्याच्यासाठी वाट उघडी ठेवलेली आहे. दोन वाक्यं झाली. चालतील का तुझ्या समितीला?

भाचा : चालवून घेतो. माहिती कुठून मिळाली ते विचारतात. पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक हवा.

मुकादम : माझं लिही. मुकादम. वही मीच भरायचो. पानांचे आकडेही मीच घालायचो.

भाचा : 'समाजाची हरकत आहे का' असंही विचारतात.

आत्या : तिथे ठळक अक्षर करता येतं?

भाचा : येतं.

आत्या : मग कर. आणि त्या ओळींत 'हजर' काढून काय लिहिणार?

भाचा : यादीत पाच शब्द आहेत. हजर, गैरहजर, रजा, मृत, आणि वाचता येत नाही.

मुकादम : एकही नाही चालणार.

भाचा : म्हणून सहावा घालतो. ती खूणच घालतो, होती तशी. इथे बोटाने काढता येते.

आत्या : काढ. सावकाश. हात थरथरला तर थरथरू दे, चुन्यातही थरथरतो. आता रेघ. वरून खाली. गोल टेकवू नकोस. टेकवू नकोस म्हणते ना.

भाचा : नाही टेकवत. चार बोटं. लाल अक्षरं आली परत. 'आकार उघडा राहिला आहे. बंद करायचा?'

मुकादम : आता काय दाबायचं ठाऊक आहे ना, पोरा?

भाचा : 'नाही' दाबलं. एवढुसं बटण आहे ते, कोपऱ्यात. दिसतसुद्धा नाही.

आत्या : झालं? बदलल्या सगळ्या ओळी?

भाचा : अशा एकदम नाही बदलत. जे खरोखर हजर होते, त्यांच्यापुढेही 'हजर'च आहे. त्यामुळे एकेक पान उघडायचं, समासात खूण आहे का बघायचं, मग ती ओळ बदलायची. सहा हजार दोनशे वेळा. बाबांच्यापासून सुरुवात करतो. पान समोरच आहे.

आत्या : नको. त्या बाईच्या आजोबांपासून कर. आणि तिला आज पत्र जाऊ दे. ठरलेलं नको, हाताने लिही. खाली खेकडा नको. बापाने ठेवलेलं नाव घाल.

भाचा : घालतो. मग बाबांचं करू?

आत्या : मग बाकीच्यांचं कर.

भाचा : आणि बाबांचं?

आत्या : शेवटी.

भाचा : नोकरी सांभाळून करायचं आहे हे, आत्या. वर्ष जाईल. दोन जातील.

आत्या : जाऊ देत. तोवर असू दे त्याला कामावर.